अ‍ॅप्रोच आणि चिपच्या आधी तुमच्या डोक्यात नेमकं काय चालू असतं?

तिसरा_शॉट
नमस्कार गोल्फर मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. टी शॉटचं (होलच्या पहिल्या फटक्याचं) माझं बरं चाललंय, ड्रायव्हर फार लांब जात नाही पण बहुतेक वेळा फेअरवेत (मधल्या कापलेल्या गवतात) राहतो. घोळ होतो तो त्याच्या पुढे, अप्रोचला, म्हणजे ग्रीनकडे (झेंडा असलेल्या गुळगुळीत गवताकडे) मारताना. 130-140 यार्ड उरलेत, ग्रीन समोर दिसतंय आणि डोक्यात एकदम बाजार भरतो. वारा किती, आठ नंबर आयर्न की सात, उजवीकडे बंकर (वाळूचा खड्डा) आहे, कोपर आत ठेव, डोकं खाली ठेव, मागचा ग्रुप वाट बघतोय... आणि या सगळ्यात बॉल मारून मोकळा होतो. ग्रीनजवळ तर अजूनच वाईट, चिप (बॉल थोडा उडवून पुढे घरंगळवणं) करताना खाली येता येता हात थांबतात आणि बॉल तिथेच दोन फूट पुढे. स्विंगच्या टिप्स नकोत, त्या भरपूर झाल्या. मला फक्त हे सांगा की बॉलपाशी पोचल्यापासून क्लब मागे नेईपर्यंत तुम्ही काय बघता, काय ठरवता आणि कुठल्या क्रमाने?

बोगी_बंडू
चांगला विषय काढलात. माझा क्रम सांगतो.

सगळ्यात आधी लाय. अंतर मोजायचं लेझर नंतर, बॅगेला हातसुद्धा नंतर, आधी बॉल कसा बसलाय ते वाकून बघायचं. कारण त्यावरच बाकीचं सगळं ठरतं. रफमध्ये (उंच गवतात) बॉल अर्धवट वर तरंगतोय आणि मागे गवत आहे असं असेल तर क्लबचा फेस आणि बॉलच्या मध्ये गवत येतं, स्पिन कमी होते आणि बॉल नेहमीपेक्षा लांब जाऊन ग्रीनवर थांबतसुद्धा नाही. तेच बॉल खाली रुतलेला असेल तर ग्रीनचा विचारच सोडा, मोठ्या लॉफ्टचा (फेस जास्त कललेला) क्लब घेऊन बाहेर काढा. उताराचंही तेच. पाय खाली आणि बॉल वर असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डावीकडे जातो, बॉल पायांच्या खाली असेल तर उजवीकडे. चढावर उभे असाल तर बॉल उंच जातो आणि आखूड पडतो, म्हणजे एक क्लब जास्त (नंबर कमी, अंतर जास्त).

मग आकडे. बहुतेक जण फक्त झेंड्याचं अंतर बघतात आणि तिथेच फसतात. मला तीन आकडे लागतात: ग्रीनची पुढची कड, झेंडा आणि मागची कड. समजा झेंडा 138 वर, उजव्या बंकरच्या बरोब्बर मागे. पुढची कड 125, मागची 152. समोरून वारा. माझा आठ नंबर नीट लागला तर हवेत 135 जातो, पण "नीट लागला तर" हे किती वेळा होतं ते आपल्यालाच माहीत. म्हणून सात नंबर, ग्रीनच्या मधोमध, झेंड्याच्या बरंच डावीकडे. जास्त लागला तरी ग्रीनवर, थोडा पातळ (बॉलच्या खाली न लागता मधोमध) लागला तरी ग्रीनवर, उजवीकडे सरकला तर झेंड्याजवळ, आणि लोकांना वाटतं आपण तिकडेच मारला होता :)

आणि समोरून वारा आहे म्हणून जोर लावायचा नाही. जोर लावला की स्पिन वाढते, बॉल वर चढतो आणि तिथेच पडतो. क्लब वाढवा, स्विंग तोच ठेवा.

शेवटचा प्रश्न स्वतःला विचारायचा तो हा: चुकला तर कुठे चुकलेला चालेल? झेंडा ज्या बाजूला कडेजवळ आहे त्याच बाजूला ग्रीन चुकलं तर पुढच्या चिपला बॉल टाकायला जागाच उरत नाही. बोगीची (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक जास्त) डबल बोगी होते ती बहुतेक इथेच.

लेझर_लावा
बंडूभाऊंशी सहमत, एक भर घालतो. स्पर्धेत खेळत असाल तर लेझरचा स्लोप मोड बंद ठेवा. 2019 च्या नियमांपासून अंतर मोजायला एरवी परवानगी आहे (स्थानिक नियमाने बंदी घातली नसेल तर), पण चढ-उताराचा फरक मोजून घेणं चालत नाही, दोन स्ट्रोकचा दंड बसतो. चढ-उतार डोळ्यानेच बघायला शिका. ग्रीन खाली असेल तर कमी क्लब, वर असेल तर जास्त.

शांत_ग्रिप
बंडूभाऊ, सगळं बरोबर आहे पण एवढं सगळं बॉलवर उभं राहून केलंत तर माणूस दगड होईल. प्रश्न विचारणाऱ्याचं दुखणं हेच आहे, विचार कमी नाहीयेत त्यांचे, चुकीच्या जागी चाललेत.

अ‍ॅनिका सोरेनस्टॅम या स्वीडिश गोल्फरच्या कोच पिया निल्सन आणि लिन मॅरियट यांची एक पद्धत आहे, थिंक बॉक्स आणि प्ले बॉक्स. बॉलच्या मागे उभे आहात तोवर थिंक बॉक्स. वारा, क्लब, बंकर, काय वाटेल ते बोला, कॅडीशी भांडा. मध्ये जमिनीवर एक रेघ आहे असं समजायचं. ती ओलांडून बॉलपाशी गेलात की विचार बंद, फक्त टार्गेट आणि शॉटची फील. रेघेच्या पुढे जाऊन "सात की आठ" असा प्रश्न परत आला तर मागे या. हे मागे येणंच लोकांना जमत नाही, लाज वाटते. शंका मनात ठेवून मारलेल्या आठ नंबरपेक्षा ठाम मनाने मारलेला चुकीचा सात नंबर परवडतो, हे माझं अगदी पक्कं मत आहे.

आणि कोपर, डोकं, खांदा हे रेंजवर (सरावाच्या जागी). कोर्सवर नाही.

बोगी_बंडू
मान्य. माझंही सगळं बॉलच्या मागेच चालतं, लिहायचं राहिलं. आणि वेळ फार लागत नाही. नियमांतच शिफारस आहे की तुमची पाळी आली आणि काही अडथळा नसला की 40 सेकंदांच्या आत मारा, शक्यतो त्याहून लवकर. दुसरा खेळतोय तेव्हाच आपले आकडे काढून ठेवायचे. मागच्या ग्रुपचं टेन्शन तिथेच निम्मं जातं.

वेजवाली
मी फक्त ग्रीनजवळचं बोलते, कारण माझा स्कोअर तिथेच वाचतो.

चिपमध्ये झेंड्याकडे बघून मारू नका. झेंडा फक्त किती रोल हवा ते ठरवायला. मारायचं ते लँडिंग स्पॉटवर. समजा बॉल ग्रीनच्या तीन पावलं बाहेर आहे, झेंडा अजून बारा पावलं आत. मी आधी बॉलपासून झेंड्यापर्यंत बाजूने चालत जाते, पायाखाली कळतं ग्रीन कडक आहे की मऊ आणि उतार कुठे आहे. मग ग्रीनवर एक पाऊल आत एखादी खूण शोधते, जुना पिच मार्क, वेगळ्या रंगाचं गवत, काहीही. बॉल तिथे पडला पाहिजे, एवढंच काम. आता चार पावलं हवेत आणि अकरा पावलं रोल, म्हणजे सँड वेज (जास्त लॉफ्टचा, बॉल उंच उडवणारा क्लब) नकोच, नऊ नंबर किंवा आठ. झेंडा कडेला चिकटून असता तर वेज काढली असती. सगळ्या चिपला एकच लॉफ्टेड वेज वापरणाऱ्यांना प्रत्येक वेळी स्विंग बदलावा लागतो, त्यापेक्षा क्लब बदला ना!

माझा क्रम: पटर (बॉल जमिनीवरून घरंगळवायचा क्लब) चालतोय का? चालत असेल तर पटर. नाही तर चिप. मध्ये काही आडवं आलं तरच पिच (चिपपेक्षा उंच शॉट). लॉब (अगदी उंच शॉट) सगळ्यात शेवटी, आणि तोही बॉलखाली गवताची गादी असेल तर. कोरड्या टणक जमिनीवरून 60 डिग्रीची वेज काढणाऱ्याला शुभेच्छा.

तिसरा शॉट दादा, तुमचे हात थांबतात ना, त्याचं कारण बहुतेक मोठा बॅकस्विंग. क्लब खूप मागे जातो, मग मनाला वाटतं आता लांब जाणार आणि ब्रेक लागतो. प्रॅक्टिस स्विंग लँडिंग स्पॉटकडे बघत करा, बॉलकडे बघत नको. गवत घासल्याचा आवाज आला पाहिजे. "हा स्विंग तिथपर्यंत नेईल" असं पटलं की लगेच पुढे व्हा आणि तोच मारा, मध्ये वेळ घालवू नका.

तिसरा_शॉट
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार सगळ्यांचे. वेजवाली ताई, बंकरमध्येही लँडिंग स्पॉटच बघता का? तिथे तर मी फक्त "बाहेर ये बाबा" एवढंच म्हणतो.

वेजवाली
बंकरमध्ये बघायची जागा वाळूत, बॉलच्या दोनेक इंच मागे. तिथे क्लब आत शिरला पाहिजे, बॉलला फेस लागतच नाही, वाळूच त्याला बाहेर काढते. पण आधी पायाने अंदाज घ्या. स्टान्स घेताना पाय रोवतो तेव्हाच कळतं वाळू मऊ आणि खोल आहे की खाली टणक. मऊ असेल तर फेस उघडा, आणि आधी फेस उघडून मग ग्रिप धरा, नाहीतर हातांबरोबर तो परत बंद होतो. ओली, घट्ट वाळू असेल तर फार उघडू नका, क्लबचा जाड सोल (तळ) आपटून उसळतो आणि बॉल पातळ लागून पलीकडे. (हा जाड सोलचा क्लब अमेरिकन गोल्फर जीन सॅराझेनने घडवला आणि 1932 ची ब्रिटिश ओपन त्याच क्लबवर जिंकला, म्हणजे बिचाऱ्याचा गुण आहे तो, फक्त जागा बघून वापरा.) आणि शॉटआधी क्लब वाळूला टेकवू नका, प्रॅक्टिस स्विंगमध्येसुद्धा नाही, दंड आहे.

शांत_ग्रिप
एक राहिलंच. अपेक्षा जरा खाली आणा. पीजीए टूरवाले (अमेरिकेतले व्यावसायिक) फेअरवेतून 150 यार्डांवरून मारतात तेव्हा सरासरी झेंड्यापासून 20 फुटांपेक्षा लांबच राहतात, आणि 8 फुटांचे पट (ग्रीनवर पटरने मारलेले फटके) साधारण निम्मेच घालतात. आपण 138 वरून ग्रीनच्या मधोमध मारला आणि झेंड्यापासून 30 फुटांवर राहिला तर तो चांगला शॉट आहे, तोंड पाडून चालायचं कारण नाही.

तिसरा_शॉट
हे मात्र माहीत नव्हतं. ठरलं, रविवारी लाय, तीन आकडे, रेघ. आणि चिपला नऊ नंबर. बंडूभाऊ, एकच शंका, वारा आडवा असेल तर टार्गेट हलवता की बॉल वळवायला बघता?

बोगी_बंडू
टार्गेट हलवतो. वळवायला बघणारे माझ्या ग्रुपमध्ये आहेत, त्यांचे बॉल शोधायला मीच जातो.