चार वर्षांचं पुस्तक आणि एक शोधनिबंध, दोघांनाही 10 गुण: हे योग्य आहे का?

फडावरची:
बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी समाजशास्त्र शिकवते. चार वर्षं ऊसतोड बायकांबरोबर काम केलं. सुट्ट्या लागल्या की फडावर, म्हणजे उसाच्या शेतावर जायचं, त्यांच्या झोपडीवजा कोपीत राहायचं, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की गावी परतलेल्यांशी पुन्हा बोलायचं. त्यातून मराठीत पुस्तक झालं. बढतीच्या अर्जात त्याला मिळाले 10 गुण.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीतला तक्ता असाच आहे. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला 10, सामाजिक शास्त्रातल्या एका निबंधालाही 10. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांचा हवाला सरासरी किती वेळा दिला जातो तो आकडा, चांगला असेल तर निबंधाचे गुण वाढत जातात. मराठीत लिहिणाऱ्याला तो कुठून मिळणार? आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना वाचता यावं म्हणूनच तर मी मराठीत लिहिलं.

प्रयोगशाळेत तयार झालेली ही फुटपट्टी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. देशातल्या संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या 2023 च्या कायद्यातही मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रं येतात ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे सांधा जुळतो तेवढ्यापुरती. आमच्या कामाला आमचं मोजमाप हवं. तुम्हाला काय वाटतं?

परीक्षानळी:
ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष पटत नाही. मी रसायनशास्त्रात संशोधन करतो. "आमचं मोजमाप वेगळं" हे वाक्य मी निवड समित्यांवर अनेकदा ऐकलंय, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ "आम्हाला मोजूच नका" असा निघाला. पैसे भरून निबंध छापणारी नियतकालिकं आपल्याकडे माजली ती या सवलतीमुळेच. त्यांना आळा घालायला यूजीसीने 2018 मध्ये मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी आणली आणि 2025 मध्ये ती बंदही केली. आता तर चाळणीच उरली नाही.

माणसांच्या प्रश्नावर काटेकोर काम होत नाही असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काय केलं बघा. 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं, आणि तुलनेसाठी 47 गावं ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. म्हणून जगाने ऐकलं. नुसत्या मुलाखती छापल्या असत्या तर कोणी ऐकलं असतं?

फडावरची:
सर, बंग दाम्पत्याचं उदाहरण मला मान्य आहे, पण ते अर्धंच सांगितलंत. बाळंतिणीच्या खोलीत कोणाला प्रवेश असतो, सुईणीचा शब्द कोण मानतं, हे वर्षानुवर्षं गावात राहून कळल्याशिवाय तो प्रयोग उभाच राहिला नसता. त्या समजुतीला तुमच्या तक्त्यात रकाना नाही.

आता माझ्या विषयातलं सांगते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आकडा भयंकर आहे आणि तो मोजला गेला हे फार बरं झालं. पण का, हे आकडा सांगत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाने आगाऊ दिलेली उचल. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचा दंड उचलीत चढतो. पाळीच्या चार दिवसांत फडावर ना पाणी ना आडोसा. पिशवीचा त्रास सुरू झाला की "काढून टाका, कटकट मिटेल" असं सांगणारा डॉक्टर जवळच असतो. हे सगळं एका बाईने मला तिसऱ्या वर्षी सांगितलं. पहिल्या दोन वर्षांत ती "पोटात दुखायचं" एवढंच म्हणायची. प्रश्नावली घेऊन एकदाच गेले असते तर "पोटात दुखायचं" हेच छापलं असतं.

सडा_आणि_कातळ:
मला दोघांचाही मुद्दा अर्धवट वाटतो. मी वनस्पती-वर्गीकरण करतो, म्हणजे कागदोपत्री परीक्षानळी सरांच्या बाजूचा. पण माझं काम ताईंच्या कामासारखं चालतं. कातळसड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची फुलं पावसाळ्यातले थोडेच आठवडे असतात. एक वर्ष हुकलं की पुढच्या पावसाची वाट बघा. एका जिल्ह्याच्या वनस्पतींची नोंद पूर्ण करायला दहा-दहा वर्षं जातात, आणि त्या ग्रंथाचा हवाला देणारे मोजकेच असतात. नवी जात सापडली तर वर्तमानपत्रात फोटो येतो. इम्पॅक्ट फॅक्टरवाल्या नियतकालिकाला त्याचं अप्रूप नसतं.

म्हणजे नैसर्गिक विज्ञान एका बाजूला आणि सामाजिक शास्त्र दुसऱ्या बाजूला, ही रेघच चुकीच्या जागी ओढली आहे. वर्गीकरणवाला, भूशास्त्रज्ञ, इतिहासकार, गावात राहणारा समाजशास्त्रज्ञ हे सगळे जे समोर आहे ते धीराने पाहणारे. प्रयोग परत परत करता येणारे वेगळे. आज गुण या प्रयोगवाल्यांच्या सोयीने ठरतात. आमच्याकडे वर्गीकरणाला विद्यार्थी मिळत नाहीत, सगळे प्रयोगशाळेतल्या रेणूंच्या अभ्यासाकडे जातात. पाच-दहा वर्षांनी सड्यावरचं गवत नावाने ओळखणारं कोणी उरेल का, ही भीती मला खरीच वाटते.

दरडोई:
मी अर्थशास्त्राची. फडावरची ताई, तुमच्या बाजूने बोलायला आले होते, पण आकड्यांबद्दलचा तुमचा सूर पटला नाही. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर लिहिलं ते पुण्याच्या गोखले संस्थेत बसून. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही, राष्ट्रीय नमुना पाहणीचे तक्ते आणि एक सरळ प्रश्न: रोज 2250 उष्मांक पोटात जायला माणशी किती खर्च लागतो? 1960-61 च्या भावाने खेड्यात महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस, असं त्यांनी मांडलं. त्यावर देशभर वाद झाला. तो होऊ शकला, कारण आकडा समोर होता आणि कोणालाही तो तपासता येत होता.

परीक्षानळी सर, तुम्हालाही एक सांगायचंय. तपासता येणं आणि इम्पॅक्ट फॅक्टर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही पहिलीचा आग्रह धरता आणि गुण दुसरीला देता.

परीक्षानळी:
शेवटचा मुद्दा मान्य. इम्पॅक्ट फॅक्टर हा आळशी माणसाचा मार्ग आहे, आणि आमच्या विषयातही त्याने नुकसान केलंय. पण मग ठरवायचं कोणी? पन्नास अर्ज येतात, समितीत पाच जण, वेळ एक दिवस. पुस्तक वाचून गुण द्या म्हणणं सोपं आहे. वशिलेबाजीचा अनुभव असलेल्या आपल्या राज्यात निदान तक्ता सगळ्यांना सारखा असतो. माझी निवड झाली तेव्हा माझ्यामागे कोणी नव्हतं, होता तो तक्ताच. त्यामुळे तो काढून टाका म्हणताना माझा हात अडखळतो.

फडावरची:
हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तक्त्याने माझ्यासारख्या पहिल्या पिढीतल्या अनेकींनाही दार उघडून दिलंय, ते मी विसरले होते. तरीही समितीतल्या निदान एकाने तरी काम वाचलेलं असावं एवढा हट्ट मी सोडणार नाही.

जव_आणि_रांजण:
मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी. इनामगाव या प्राचीन वस्तीचं उदाहरण राहूनच गेलं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं खोदाई केली आणि अहवाल आला 1988 मध्ये. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावं सगळ्यांना माहीत आहेत. पण तिथे तोंडाला तोंड लावलेल्या रांजणांत पुरलेली लहान मुलं निघाली, त्यांची हाडं बघायला शरीररचना जाणणारा हवा होता. लोक जव पिकवत होते हे जळक्या दाण्यांवरून वनस्पतीवाल्याने सांगितलं. जनावरांची हाडं आणखी कोणी. आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्याच्या वर तोडून पुरायचे, ते का, यावर बोलायला पुन्हा समाज समजणारा माणूस लागतो.

असं काम आज केलं तर गुणांचं काय होईल? दोनपेक्षा जास्त लेखक असले की मुख्य लेखकाला 70 टक्के, बाकी प्रत्येकाला 30. जव ओळखणाऱ्याला 30. माझे दोन मित्र एकत्र प्रकल्प करणार होते, एक भूशास्त्राचा, एक इतिहासाचा. पहिलं नाव कोणाचं, यावर तो मोडला. ते दोघे अजूनही बोलत नाहीत.

परीक्षानळी:
हा नियम आमच्याकडे इतका अंगवळणी पडलाय की त्याकडे असं कधी पाहिलंच नव्हतं.

फडावरची ताई, पुस्तक पाठवा, वाचतो. पण खाडा आणि शस्त्रक्रियेचा संबंध तुम्ही लावलाय, त्याच्या गावनिहाय नोंदी असतील तर त्याही पाठवा. मी शंका काढणार, हे आधीच सांगतो.

फडावरची:
काढा. दोन गावांच्या नोंदवह्या आहेत, नावं झाकून पाठवते. तिसऱ्या गावचं काम अर्धं आहे. ते दिवाळीच्या आत उरकायला हवं, नंतर टोळ्या निघतात आणि गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी उरतात.