इंटरनेट पुरवठादारांना लगाम हवा, तोही कायद्याचा. लोकप्रतिनिधींना पत्र लिहा

पायवाट
तीन आठवडे झाले, संध्याकाळी सातनंतर हाच प्रकार चालू आहे. स्पीड टेस्टचा काटा थेट १०० वर जातो, आणि मुलीचा ऑनलाइन वर्ग मात्र दर दोन मिनिटांनी गोठतो. शिक्षिकेचा चेहरा चौकोनांत अडकतो, आवाज तुटतो, मुलगी "पुन्हा सांगा ना" म्हणून दमते. व्हीपीएन (डेटा झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) लावला की सगळं सुरळीत. म्हणजे कंपनीच वर्गाचा डेटा मुद्दाम अडवते, असं मला वाटतं. कंपनीला विचारलं तर "आमच्याकडून स्पीड बरोबर आहे" म्हणाले आणि तक्रार बंद केली.

म्हणून मी आमच्या लोकप्रतिनिधींना पत्र लिहिलं. पैसे घेऊन कुणाचा डेटा पुढे काढू नये आणि कुणाचा मागे ढकलू नये. गर्दी झालीच तर सगळ्यांना सारखी झळ बसू द्या. आणि करारात किमान वेग आकड्यात लिहा, "१०० पर्यंत" या शब्दामागे लपू नका. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमावलीत हे जवळपास सगळं आहे.

हे काम नियामकाचं आहे, लोकप्रतिनिधींना कशाला मध्ये आणता, असं कुणी म्हणेल. त्यांनी अमेरिकेकडे पाहावं. कॉमकास्ट ही इंटरनेट पुरवठादार कंपनी बिटटोरेंट (संगणकांनी आपापसांत फाइली वाटण्याची पद्धत) वापरणाऱ्या दोन संगणकांच्या बोलण्यात मध्येच "आता थांबा" असा खोटा निरोप घुसवायची. २००८ मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, तिला रोखलं. २०१० मध्ये न्यायालय म्हणालं, तुम्हाला हा अधिकारच नाही. २०१५ मध्ये नवे नियम आले, २०१७ मध्ये गेले, २०२४ मध्ये परत आले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा उडवले. सरकार बदललं की नियम बदलतो. चिलीने मात्र २०१० मध्येच सरळ कायदा केला.

राऊटरवाला
असहमत, आणि जरा सविस्तर लिहितो, कारण एका लहान पुरवठादाराचं नेटवर्क मी आठ वर्षं सांभाळतोय.

पायवाट, तुमच्या व्हीपीएनच्या अनुभवातून तुम्ही काढलेला निष्कर्ष बरोबर असेलच असं नाही. व्हीपीएन लावला की डेटाचा रस्ताच बदलतो. आमचं जाळं दुसऱ्याच्या जाळ्याला जिथे मिळतं, ती लिंक संध्याकाळी भरते. वर्गाचा डेटा त्याच लिंकवरून येत असेल तर तो रखडणारच. स्पीड टेस्टचा सर्व्हर बहुतेक वेळा आमच्या जाळ्यातच असतो, म्हणून काटा १०० दाखवतो. इथे कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं. लिंक वाढवायला पैसे लागतात, एवढंच.

आणि हे अहवाल, मोजणी, ऑडिट कोण करणार? मोठ्या कंपनीत त्यासाठी वेगळा विभाग असतो. आमच्याकडे तो विभाग म्हणजे मी, आणि टॉवरवरही मीच चढतो. कायदा सगळ्यांना सारखा लावलात तर लहान आधी बुडतील आणि मग तुमच्यासमोर एकच कंपनी उरेल. त्यापेक्षा लिंका ज्यांच्या व्हिडिओंनी भरतात, त्या बड्या कंपन्यांनी खर्चाचा वाटा उचलावा.

कातरवेळ
हा वाटा उचलण्याचा प्रयोग दक्षिण कोरियात झाला आहे. २०१६ पासून तिथे डेटा पाठवणाऱ्या जाळ्याने पैसे मोजायचे असा नियम आहे. ट्विच या थेट व्हिडिओ दाखवणाऱ्या साइटने तिथे आधी व्हिडिओचा दर्जा ७२० पी वर आणला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये देशच सोडला. इतर बहुतेक देशांच्या तुलनेत शुल्क दहापट आहे, असं कारण त्यांनी दिलं होतं. शेवटी नुकसान पाहणाऱ्यांचंच झालं.

ठाम
२०१७ मध्ये अमेरिकेत नियम गेले तेव्हा इंटरनेट संपलं अशी बोंब होती. काय झालं? वेग वाढतच गेला. पटत नसेल तर पुरवठादार बदला. भारतातही ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी घातली आणि फ्री बेसिक्स ही ठरावीक साइटच फुकट देणारी फेसबुकची सेवा बंद झाली. संसदेत नवा कायदा करावा लागला नाही.

पायवाट
ठाम, ज्या इमारतीत एकच वायर येते तिथे बदलून जायचं कुठे? ट्रायचं उदाहरण तुम्ही चांगलं दिलंत, पण ट्रायकडे दर ठरवण्याचा अधिकार १९९७ च्या कायद्यातून आला. एफसीसीचा पाय नेमका तिथेच घसरला. आणि नियम गेल्यावर काही झालं नाही म्हणता, तर २०१८ च्या कॅलिफोर्नियाच्या वणव्यात अग्निशमन दलाच्या गाडीचा डेटा व्हेरायझन या मोबाइल कंपनीने मूळ वेगाच्या २०० व्या हिश्शावर आणला, ते काय होतं?

राऊटरवाला
ते उदाहरण इथे लागू नाही. त्या प्लॅनची डेटाची मर्यादा संपली होती, म्हणून सगळाच वेग कमी झाला. एका साइटला पुढे आणि दुसरीला मागे, असं काही झालं नव्हतं. आणीबाणीत मर्यादा उठवायला हवी होती, ती ग्राहकसेवेची चूक झाली, असं कंपनीनेच सांगितलं.

पायवाट
मान्य, ते उदाहरण पत्रातून काढतो. पण तो प्लॅन "अनलिमिटेड" म्हणून विकला होता, हे विसरू नका. शब्द एक आणि माल दुसरा, याविरुद्धचं कलम राहील.

लिंकचा तुमचा मुद्दा रात्री तपासून पाहिला. ट्रेसरूट (डेटा कुठल्या टप्प्यांतून जातो आणि कुठे किती उशीर होतो हे दाखवणारी चाचणी) लावला, तर पहिले चार टप्पे स्वच्छ आणि पाचव्यावर एकदम २०० मिलिसेकंदांची उडी, तिथून पुढे प्रत्येक टप्प्यावर तेवढीच. म्हणजे बहुधा तुम्ही म्हणता तेच. पण मग कंपनीने मला हे का सांगितलं नाही? तीन वेळा "स्पीड बरोबर आहे" का म्हणाले? पत्रात आता असं लिहिलंय: "दुसऱ्या जाळ्यांशी जोडणाऱ्या लिंका किती भरलेल्या आहेत, हे पुरवठादाराने दर महिन्याला जाहीर करावं. ठरावीक संख्येपेक्षा कमी ग्राहक असलेल्यांना ऑडिटमधून सूट असावी."

राऊटरवाला
सूट असेल तर लिंकांचे आकडे द्यायला माझी हरकत नाही. आलेख रोज आमच्या स्क्रीनवर असतोच, तो बाहेर दाखवायला खर्च नाही. किमान वेगाच्या कलमाला मात्र माझा विरोध आहे. वायरलेस जोडणीवर पावसात कुठला आकडा लिहून देऊ? तेवढं वायरपुरतं करा, मग मीही सही करतो.