अमेरिकेतल्या सर्वांत प्रभावी गाड्या: फाउंड्रीतल्या पोरांना तीनच सांगायच्या असतील तर?

शिरोली_कोअरशॉप
नव्या अप्रेंटिस पोरांसाठी तासाभराचं सत्र घ्यायचंय. अमेरिकेतल्या अशा तीन गाड्या हव्यात, ज्यांच्यामुळं पुढच्या गाड्या बनवायची पद्धतच बदलली. देखणेपणा, वेग नको. फोर्डची मॉडेल टी धरलीय, पण असेंब्ली लाइनच्या पलीकडं तिच्यात काय दाखवावं? बाकी दोन कुठल्या? ओतकामाशी संबंध असेल तर सोन्याहून पिवळं.

उद्यमनगर_बोअरिंग
लाइनचं सांगाच. फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात 1913 मध्ये चालती लाइन आली आणि चॅसी जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासावर आला. पण पोरांना ब्लॉक दाखवा, म्हणजे सिलिंडर असलेलं इंजिनाचं मुख्य धड. चारही सिलिंडर एकाच कास्टिंगमध्ये आणि हेड, म्हणजे वरचं झाकण, सुटं. 1908 ला बऱ्याच इंजिनांत सिलिंडर जोडी-जोडीनं ओतत आणि हेड त्यालाच धरून असे. हेड सुटं झालं की बोअरिंगचं टूल आरपार जातं आणि डीकार्बनायझिंगला (आतली काजळी खरवडायला) सिलिंडर उतरवावे लागत नाहीत. आजही आपण हेच करतो.

दुसरी बिनदिक्कत 1932 ची फोर्ड व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात दोन रांगांत आठ सिलिंडर. 221 घनइंच, 65 हॉर्सपॉवर. व्ही-एट इंजिनं आधीही होती, पण महागड्या गाड्यांत. फोर्डनं आठही सिलिंडर आणि क्रँककेस एकाच ओतकामात काढून ते साध्या माणसाच्या गाडीत बसवलं. एवढ्या कोअर (आतली पोकळी राखणारे वाळूचे गाभे) एका साच्यात बसवायच्या म्हणजे एक जरी हलली तरी भिंत एकीकडं जाड, दुसरीकडं पातळ. ते बोअर झाल्यावरच कळतं, म्हणजे मशीनिंगचा खर्चही पाण्यात.

शिरोली_कोअरशॉप
दादा, ते इंजिन तापतं म्हणतात. दोष ओतकामाचा की डिझाइनचा?

उद्यमनगर_बोअरिंग
दोन्हींचा. वॉल्व्ह ब्लॉकमध्ये, व्हीच्या आतल्या बाजूला. एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधून, वॉटर जॅकेटला (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला) लागून बाहेर जाते. मधल्या दोन सिलिंडरांचा पोर्ट तर एकच. सगळी उष्णता पाण्यात उतरते. वर जॅकेटच्या तळाशी कोअरची वाळू नि तारा राहिलेल्या असतात, त्यावर गंज साचतो.

जुना ब्लॉक आला तर जॅकेटची भोकं बुजवणारे प्लग काढून जॅकेट तारेनं खरवडा, उलट्या दिशेनं पाणी मारा. मग मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट, शेवटी प्रेशर टेस्ट. वॉल्व्ह सीट आणि बोअरमधली जागा पहिली तपासा, तडा बहुतेक तिथंच. बोअरिंग त्यानंतरच, तडकलेल्या ब्लॉकवर बोअरिंगचे पैसे घालवू नका.

गगनबावडा_फोरबायफोर
तिसरी विलिस जीप. महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली म्हणून आपल्या घाटरस्त्यांनाही ती ठाऊक. 2.2 लिटर, 60 हॉर्सपॉवर. मुख्य गोष्ट ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी: पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून फरक भरून काढतात, पण फोर-व्हील ड्राइव्ह लावून डांबरावर चालवली तर घसरत नाहीत. मग प्रॉपेलर शाफ्टला पीळ बसतो, फोर-व्हीलचा लिव्हर अडकतो, शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस जातात. लिव्हरला हातोडा लावू नका. गाडी सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, पीळ सुटला की लिव्हर हातानं निघतो.

उद्यमनगर_बोअरिंग
जीप पटली. वेळ उरला तर 1912 ची कॅडिलॅक घ्या, इलेक्ट्रिक स्टार्टरसाठी. त्याआधी हँडल मारायचं. स्पार्कची वेळ ठरवणारा लिव्हर मागं घ्यायचा राहिला तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. म्हणून हँडल डाव्या हातानं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, खालून वर ओढायचं. मोकळं हँडल हातात देऊन हे पोरांकडून करून घ्या.