नवीन इंजिनिअर मुलं सूचना देत नाहीत, बक्षीस किती वाढवू? सोमवारच्या आत सांगा

मकरपुरावाला: मदत हवी आहे, तातडीने. जुलैत नऊ जीईटी (शिकाऊ पदवीधर इंजिनिअर) घेतले, नव्या कल्पनांसाठी बक्षीस ठेवलं. पहिल्या तिमाहीत ३१ सूचना आल्या, दुसऱ्या तिमाहीत ४. सोमवारी साहेबांना नवी योजना दाखवायची आहे. फक्त आकडा सांगा.

रावपुरा_७१: आत्ता किती देता? एकट्याला की टीमला? निवड कोण करतं? कारखाना कसला?

सुरसागरकाठ: रोख बक्षीस बंदच करा. १९७१ साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसींनी कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती. काहींना सुटलेल्या कोड्यामागे पैसे दिले. पैसे थांबले तशी त्या मुलांची गोडी कमी झाली. त्यापेक्षा थ्रीएम कंपनीसारखा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी मोकळा द्या.

फोरमन_निवृत्त: ताई, सीएनसी मशीनवर शिफ्टला उभ्या असलेल्या पोराला १५ टक्के वेळ कुठून देणार? खोलीचं भाडं भरून त्याच्या हातात काय उरतं ते पाहा, त्याला पैसे हवेतच. टोयोटात १९५१ पासून सूचना योजना आहे, तिथेही बक्षीस देतात.

सुरसागरकाठ: देतात, पण तिथे छोट्या सूचनेचीही दखल घेतात. फरक तिथेच पडतो.

दांडियाबाजार: नोकरी न सोडण्याचा बाँड किती वर्षांचा आहे? माझ्या भाच्याची मूळ सर्टिफिकेटं कंपनीने अडकवून ठेवली होती. मुलांनी मूळ कागद कधीच देऊ नयेत.

मकरपुरावाला: बाँडचं कोणी विचारलंय? व्हॉल्व्हचा कारखाना आहे. ५००० रुपये, एकट्याला. निवड प्लँट हेड करतात.

रावपुरा_७१: म्हणजे ३१ मधल्या एकीला बक्षीस. उरलेल्या ३० चं काय झालं?

मकरपुरावाला: फाइलला आहेत. बक्षीस नाही म्हणजे नाही, वेगळं काय कळवायचं? आणि हो, एका मुलाने ड्रिलिंगची जिग (भोक पाडताना तुकडा धरून ठेवणारा साचा) बदलून पाहिली, व्हॉल्व्हच्या चार बॉड्या स्क्रॅप गेल्या. सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं. पण तो विषय वेगळा.

फोरमन_निवृत्त: वेगळा कसा? बाकीच्या आठ जणांनी ते पाहिलंय ना! मीही एका पोराला असाच झापला होता. वर्षभर माझ्या लाइनवर एकही सूचना आली नाही, आजही ते मनाला लागतं. टाटांच्या इनोव्हिस्टा या नव्या कल्पनांच्या स्पर्धेत फसलेल्या प्रयत्नांसाठी ‘डेअर टू ट्राय’ हा वेगळा पुरस्कार आहे. तुम्ही निदान रिजेक्ट बॉड्या बाजूला काढून ठेवा, पोरं चाचणी त्यांवर घेतील.

सुरसागरकाठ: इथे दादांशी पूर्ण सहमत.

जुना_बडोदेकर: १८९० साली सयाजीरावांनी बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, तिथे हाताने काम करूनच शिकवत. आमचे आजोबा तिथलेच.

रावपुरा_७१: काका, त्यावर वेगळा धागा काढा, नक्की वाचू. मकरपुरावाले, त्या ३० सूचनांना आधी उत्तरं द्या. ‘नाही’ असेल तर का नाही, तेही सांगा.

मकरपुरावाला: मी लिहू की प्लँट हेडनी? आणि आकड्याचं काय?

फोरमन_निवृत्त: ५००० च ठेवा, पण ज्यांनी मिळून केलं त्यांच्यात वाटा. उत्तर प्लँट हेडनीच द्यावं, कागदावर नको, मशीनपाशी उभं राहून. जिगवाला मुलगा कोणत्या शिफ्टला आहे?

मकरपुरावाला: दुसऱ्या.

फोरमन_निवृत्त: मग उद्या दुपारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी त्याला भेटा. चार बॉड्या का गेल्या, ते त्याच्याकडूनच समजून घ्या.