बर्लिन फिलहार्मोनिकचा इतिहास क्रमाने ऐकायचा तर काय सांभाळावं?

खर्जषड्ज:
बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा इतिहास नुसता वाचायचा नाही, ध्वनिमुद्रणांतून ऐकायचा आहे. तेव्हाचे मुख्य संचालक आर्थर निकिश यांच्या १९१३ च्या ध्वनिमुद्रणात बेथोवेनची पाचवी सिंफनी इतकी किरटी का वाटते? त्याच्या दोन डिजिटल आवृत्त्यांच्या पट्टीत जवळजवळ एका सेमीटोनचा (लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराचा) फरकही आहे. शिवाय या वाद्यवृंदात वादकच मुख्य संचालक निवडतात, ही पद्धत कुठून आली?

अनुमंद्र:
किरटेपणा वादकांचा नाही, कर्ण्याचा आहे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन येईपर्यंत वादकांना एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसवत आणि नुसत्या हवेच्या कंपनांनी सुई मेणात खाच कोरत असे. तंतुवाद्यांचा पूर्ण ताफा तिथे मावत नसे. डबल बेसचा खर्ज नीट उमटत नसे, म्हणून त्या काळी त्याच्या ओळी बरेचदा ट्यूबा या पितळी फुंकवाद्याकडे देत. त्यामुळे यावरून निकिश यांचा 'नाद' ठरवू नका. लय मात्र ऐका. कुठे धरली, कुठे सैल सोडली, ते स्पष्ट कळतं.

पट्टीचं असं: तबकडीला आपण '७८ ची' म्हणतो, पण प्रत्यक्ष वेग मिनिटाला ७४ ते ८२ फेरे, काहीही असे. सुमारे ६ टक्के वेग वाढला की एक सेमीटोन चढतो. दहा मिनिटांचं संगीत मग ९ मिनिटं २६ सेकंदांत संपतं. शेवटच्या भागातले सी मेजरचे अखेरचे ठोके ट्यूनरवर (स्वर मोजणाऱ्या साधनावर) तपासा. आजच्या प्रमाण पट्टीशी (ए स्वर = ४४० हर्ट्झ) तंतोतंत जुळवायचा हट्ट नको, सी आणि सी शार्प यांतला घोळ मिटला की पुरे. दुरुस्ती करताना वेग आणि पट्टी एकत्रच बदला. फक्त पट्टी उतरवणारी सोय वापरलीत तर लय चुकीचीच राहील. ही सिंफनी तबकड्यांच्या आठ बाजूंवर आहे, तेव्हा प्रत्येक बाजू वेगळी तपासा.

दुसरी_बाकडी:
निवडीचं मूळ स्थापनेत आहे. १८८२ मध्ये बेन्यामिन बिल्झे यांच्या वाद्यवृंदातले ५४ वादक बाहेर पडले. वॉर्सोला त्यांना रेल्वेच्या चौथ्या वर्गाने न्यायचं ठरलं होतं, तिथे ठिणगी पडली. स्वतःचा कारभार स्वतः करायला निघाले, पण पैशाची ओढाताण सुटेना. १८८७ मध्ये मैफलींचे व्यवस्थापक हेर्मान वोल्फ यांनी आर्थिक बाजू उचलली आणि संचालक म्हणून हान्स फॉन ब्यूलो यांना आणलं.

मात्र 'अखंड लोकशाही परंपरा' असं कुठे वाचलंत तर मान्य करू नका. १९३३-३४ मध्ये वादकांचे समभाग नाझी सरकारने घेतले, वाद्यवृंद गोबेल्सच्या प्रचारखात्याखाली गेला आणि कॉन्सर्टमास्टर (प्रमुख व्हायोलिनवादक) शिमोन गोल्डबर्ग यांच्यासारख्या ज्यू वादकांना जावं लागलं. ही गोष्ट गाळून हा इतिहास सांगताच येत नाही.

वादकांच्या मताचा जोर पुढे मुख्य संचालक हेर्बर्ट फॉन कारायान यांनाही जाणवला. १९८२ मध्ये त्यांना वाद्यवृंदात क्लॅरिनेटवादक झाबिने मायर हव्या होत्या. वादकांचं मत पडलं ७३ विरुद्ध ४, नकाराचं. २०१५ मध्ये ११ मे रोजी १२३ वादक नवा मुख्य संचालक निवडायला बर्लिनमधल्या डालेमच्या चर्चमध्ये मतदानाला बसले आणि अकरा तासांनी निकालाविना उठले. किरिल पेट्रेंको यांची निवड जूनमध्ये झाली.

अनुमंद्र:
ध्वनिमुद्रणांचा क्रम लावताना वर्षाशेजारी सभागृह लिहा. वाद्यवृंदाचं जुनं सभागृह, म्हणजे जुनं फिलहार्मोनी, मूळचं स्केटिंगचं मैदान. ते ३० जानेवारी १९४४ ला बॉम्बहल्ल्यात गेलं. संचालक विल्हेल्म फुर्टवेंगलर यांची मार्च १९४२ ची बेथोवेनची नववी सिंफनी तिथली आहे. युद्धानंतर त्या काळच्या रेडिओच्या बऱ्याच टेप मॉस्कोला गेल्या. त्यांवरून निघालेल्या काही सोव्हिएत तबकड्या चढ्या पट्टीत आहेत, तिथेही वरचीच तपासणी करा.

कारायान यांचा १९६१-६२ चा बेथोवेनच्या सिंफनींचा संच डालेमच्या त्याच चर्चमधला. वास्तुरचनाकार हान्स शारून यांनी रचलेलं नवं फिलहार्मोनी १५ ऑक्टोबर १९६३ ला उघडलं. त्याआधीचा आणि नंतरचा नाद वेगळा लागला तर आधी जागा बघा, मग वादकांविषयी मत बनवा.