मदत हवी आहे: सायन-माटुंगा-दादर पट्ट्यात खायला जायला सोबत कुणी मिळेल का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न वाचून हसाल, पण खरंच अडले आहे. मला खायला जायला मैत्रीण हवी आहे. जवळ राहणारी.

मी सायनला राहते, वय ४३, बँकेत नोकरी. गेली सहा वर्षं शाखेतली एक मैत्रीण आणि मी दुसऱ्या-चौथ्या शनिवारी, म्हणजे बँकेला सुट्टी असते त्या दिवशी, सकाळी नाश्त्याला बाहेर पडायचो. जूनमध्ये तिची नागपूरला बदली झाली. आता ती तिथून तर्री-पोह्यांचे फोटो पाठवते आणि मी इथे उपमा ढवळते.

घरच्यांचं विचारूच नका. नवऱ्याला ॲसिडिटी, त्यात त्याचं ठेवणीतलं वाक्य, "घरी काय कमी आहे?" लेक पंधरा वर्षांचा. आईबरोबर डोसा खाताना मित्रांनी पाहिलं तर काय, या काळजीने तो माटुंग्याच्या बाजूलाच फिरकत नाही.

"मग एकटी जा की!" असं चार जण तरी लिहितील, म्हणून आधीच सांगते, जाते. एकटीने खायची मला लाज वाटत नाही. माझी अडचण हिशेबाची आहे. दोघी असलो की कॅफे मद्रासला एक रागी डोसा, एक रसम वडा, मधे एक बटर इडली आणि शेवटी कॉफी, एवढं सहज व्हायचं. एकटीला यातलं एकच झेपतं, फार तर दीड. शिवाय खाता खाता बोलायचं कुणाशी? रामाश्रयला एकदा न राहवून वेटरलाच म्हटलं, "आज चटणी जरा वेगळी लागतेय." तो म्हणाला, "चटणी और चाहिए?" आणि वाढून गेला.

मागच्या महिन्यात तर कहरच झाला. माटुंग्यालाच, रांगेत अर्धा तास उभी राहिल्यावर "कितने लोग?" "एक." मग मला एका आजी-आजोबांच्या टेबलावर बसवलं. माझा डोसा आला, आजोबांचा रसम वडा आला. त्यांनी चमच्याने वडा मधोमध कापला, दोन्ही तुकडे रसमात उलटे केले आणि दाबून धरले, अगदी औषध भिजवावं तसे. वाफेने चष्मा धुरकटला तरी त्यांनी चमचा सोडला नाही. मी बहुतेक फारच टक लावून पाहत असेन, कारण त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "घ्या चमचाभर." मी ओशाळून नको नको म्हटलं. सायनला पोचेपर्यंत पस्तावत होते. घ्यायला हवा होता.

तर आता शोध कुठे कुठे घेतला ते सांगते, म्हणजे तेच सल्ले परत येणार नाहीत.

सोसायटीतल्या बायकांना विचारलं. उत्साह दांडगा, पण जायचं ठरलं ते मॉलमधल्या बुफेत. तिथे नूडल्स, पनीर टिक्का आणि गुलाबजाम एकाच ताटात घेऊन आम्ही सुनांबद्दल बोललो. मला सून नाही.

एका खवय्यांच्या ग्रुपबरोबर गेले. अकरा जण. डोसा आला की आधी फोटो, मग हात बाजूला करून फोटो, मग वरून चटणी ओतताना व्हिडिओ. कागदासारखा कुरकुरीत आलेला डोसा तोवर रुमालासारखा मऊ पडला. परत गेले नाही.

एका ॲपवर जवळपासचे मित्र शोधून मिळतात म्हणे. भेटलेल्या बाई गोड होत्या. इडलीचा दुसरा घास घेईस्तोवर त्यांनी पिशवीतून विम्याची माहितीपत्रकं काढली. मी बँकेत असते हो, दिवसभर मीही तेच विकते!

आणि एक खरीच छान मैत्रीण मिळाली होती, पण बोरिवलीची. एकदा आली. परतताना तिची दादरहून लोकल चुकली, घरी पोचायला दीड वाजला. तेव्हापासून "नक्की भेटू गं" चालू आहे. म्हणून "जवळची" यावर माझा एवढा जोर. सायन, माटुंगा, दादर ही लागून असलेली तीन स्टेशनं; वडाळा, किंग्ज सर्कलही चालेल. गाऊनवर ओढणी घेऊन निघता येणार नाही, पण साधारण तेवढंच जवळ.

अपेक्षा फार नाहीत. महिन्यातून दोन सकाळी. स्वतःच्या ताटातलं अर्धं द्यायला आणि माझ्या ताटातलं अर्धं घ्यायला हरकत नसावी (उष्टं-खरकटं फार पाळत असाल तर आपलं जमायचं नाही, आधीच सांगितलेलं बरं). बिल निम्मं निम्मं. डाएटवर असलात तरी चालेल, माझ्या डाएटवर बोलू नका म्हणजे झालं. सध्या फक्त बायकांनीच लिहावं. पुरुष मंडळींनी राग मानू नये, जागा सुचवल्या तरी मोठी मदत होईल.

डोक्यात काय काय आहे तेही सांगते. माटुंगा स्टेशनसमोरचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं. तिथे केळीच्या पानावर सगळंच येतं, त्यामुळे एकटीचंही भागतं, पण रसम-भात पानावरून पळायला लागला की हसायला कुणीतरी हवं. दादरला प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष. आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातल्या सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला तो मिळाला, मला विचाराल तर तिथलं थालीपीठ उजवं. हेच तर भांडायचंय कुणाशी तरी! मामा काणेंकडे लहानपणी बाबांबरोबर जायचे, त्यानंतर गेलेच नाही. मासे खाणारी कुणी भेटली तर देवच पावला: सायन कोळीवाड्याची कोळंबी, जी नावाने कोळ्यांची पण मुळात फाळणीनंतर तिथे वसलेल्या पंजाब्यांची. एक प्लेट एकटीला संपत नाही. शनिवार पाळत असाल तर त्यासाठी रविवार काढू.

आता नेमके प्रश्न:

अशी सोबत कुणाला मिळाली आहे का, आणि कशी? अनोळखी बाईला "माझ्याबरोबर नाश्त्याला याल का" हे विचारायचं कसं, की तिला मी वेडी किंवा विमावाली वाटणार नाही? पहिल्या भेटीआधी फोनवर बोलावं का? आणि नाहीच पटलं, तर दुसऱ्या वेळी नाही कसं म्हणायचं? जवळ राहणाऱ्या माणसाची हीच तर भीती, भाजीवाल्याकडे रोज समोर येणार.

भर (दुसऱ्या दिवशी रात्री): एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. "आधी फक्त कॉफीला भेटा, अर्ध्या तासाचं काम सांगून ठेवा" ही युक्ती ज्यांनी सुचवली त्यांना एक पियुष लागू. ज्यांनी ध्यानधारणा सुचवली त्यांचेही आभार.

हिंदू कॉलनीतल्या एका ताईंनी निरोप पाठवलाय. निवृत्त शिक्षिका आहेत, वय ६६. वयाची अट नव्हती, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. फोनवर बोललो. त्यांचा पहिला प्रश्न, "तुम्ही सांबार इडलीवर ओतता की इडली सांबारात बुडवता?" मी म्हटलं, बुडवते. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, "बरं, बघू." चौथ्या शनिवारी सकाळी पावणेआठला माटुंगा स्टेशनबाहेर, फुलवाल्यांच्या बाजूला. त्यांच्याकडे निळी छत्री असेल.

माशांसाठी अजून कुणी सापडलेलं नाही, ताई शाकाहारी आहेत. तेवढ्यापुरता धागा उघडाच समजा.