मदत हवी आहे: पंक रेकॉर्डच्या कव्हरांवरची बुरशी काढायची आहे, शाईचा मजकूर मात्र राहायला हवा

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. प्रश्न जुन्या रेकॉर्डचा आहे, पण नाट्यसंगीताच्या किंवा हिंदी सिनेमांच्या नाही, पंक आणि हार्डकोर या आरडाओरडीच्या, वेगवान रॉक संगीताच्या. यांची कव्हरं वेगळ्याच प्रकारची असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे मामा ऐंशीच्या दशकात बोटीवर होते. बोट टिलबरीला लागली की ते लंडन गाठायचे आणि रफ ट्रेडच्या दुकानातून रेकॉर्ड घ्यायचे. बाल्टिमोरला लागली की तिथे मिळतील त्या अमेरिकन. सुट्टीत नागपूरच्या महाल भागातल्या घरी आले की दुपारी आजी झोपायची, तेव्हा आवाज अगदी बारीक करून वाजवायचे. एवढी आरडाओरड करणारी गाणी कान लावून ऐकण्याची ती आमची पद्धत. हार्डकोरचं गाणं दीड मिनिटात संपतं, त्यामुळे सुई उचलून पुन्हा ठेवायचं काम माझ्याकडे असे. सुई नीट ठेवायला मी त्या रेकॉर्डवरच शिकले.

मामांनी प्रत्येक कव्हराच्या आतल्या बाजूला शाईच्या पेनानं लिहून ठेवलंय. बंदर कोणतं, हवा कशी होती, सोबत कोण होतं. एकावर आहे, ‘टिलबरी. दिवसभर पाऊस. दुकानातल्या पोरानं आधी वाजवून दाखवली, मग पैसे घेतले.’ मामा आता पंचाहत्तरीचे आहेत. बोटीवरच्या दिवसांबद्दल फारसं बोलत नाहीत, पण कव्हर हातात दिलं की वाचतात आणि पुढचं आपणहून सांगतात. म्हणून मला रेकॉर्डइतकाच तो मजकूरही वाचवायचा आहे. विकायचं काहीच नाही, तेव्हा किंमत सांगू नका.

ट्रंक ज्या खोलीत होती तिथे उन्हाळाभर कूलर चालतो आणि पावसाळ्यात भिंतीला ओल येते. कव्हरांवर पांढरी, पिठासारखी बुरशी धरली आहे. क्रास या इंग्लिश पंक बँडच्या सिंगलची (एकदोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डची) कव्हरं म्हणजे घडी उलगडली की मोठं पोस्टर होतं, ‘यापेक्षा जास्त पैसे देऊ नका’ असं किमतीसकट छापलेलं. ती घड्यांवर विरली आहेत. डिस्कॉर्ड या अमेरिकन कंपनीच्या सुरुवातीच्या रेकॉर्डची गोष्ट तर आणखी नाजूक. त्या कंपनीनं टीन आयडल्स या बँडची पहिली रेकॉर्ड काढली तेव्हा बँडच्या पोरांनी आणि मित्रांनी कव्हरं स्वतः कापून, दुमडून, डिंकानं चिकटवली होती. मामांकडे त्याच कंपनीच्या मायनर थ्रेट या बँडची सात इंची रेकॉर्ड आहे आणि तिचे जोड सुटायला आलेत. ओल्या फडक्यानं पुसलं तर शाई पसरेल, जोडही सुटतील. मग बुरशी काढायची कशी?

दुसरं, एक सात इंची किंचित लाटेसारखी झाली आहे. ती सरळ करता येईल का? आणि मामांना हे पुन्हा ऐकायचं आहे. घरात जुना एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आहे, त्यावर वाजवू की नको?

प्रतिसाद
ताई, सोपं आहे. दोन तास कडक उन्हात ठेवा, बुरशी मरते. आम्ही पुस्तकांना हेच करतो.

प्रतिसाद
कृपया हे करू नका! नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि उन्हात ठेवलेली काळी वस्तू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. रेकॉर्ड पीव्हीसीची असते, मऊ पडून वाकेल. उन्हानं शाईही उडते.

आधी प्रत्येक कव्हराचे, आतल्या मजकुराचे चांगल्या उजेडात फोटो काढून घ्या. मग रेकॉर्ड बाहेर काढून कव्हरं वेगळी करा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात खोलीतला कूलर बंद ठेवून ती पंख्याखाली, सावलीत पूर्ण वाळू द्या. वाळलेली बुरशी मऊ ब्रशनं गच्चीवर किंवा बाल्कनीत झटका. घरात नको, आणि तोंडाला मास्क हवाच. ब्रश शाईवर घासू नका, अक्षरांच्या कडेनं एकाच दिशेनं हलकेच फिरवा. डाग राहतील, ते राहू द्या. डाग घालवायच्या नादात मजकूर जातो.

घड्यांना आणि जोडांना सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. पोस्टर उलगडून सपाट ठेवता येत असेल तर तसंच ठेवा, मधे आम्लरहित कागद घाला. जोड चिकटवायचेच तर कागदाचं जतन करणाऱ्या माणसाला दाखवून गव्हाच्या खळीनं चिकटवा.

प्रतिसाद
वरच्यांशी पूर्ण सहमत. आता रेकॉर्डबद्दल. रेकॉर्ड डिस्टिल्ड पाण्यात थेंबभर भांड्यांचा सौम्य साबण घालून, मऊ ब्रशनं खाचांच्या दिशेनं धुवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं. मधलं लेबल कोरडं राहिलं पाहिजे. घरात ७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल चुकूनही लावू नका, विरघळतात. धुतलेली रेकॉर्ड बुरशीच्या जुन्या आतल्या पाकिटात परत घालायची नाही. पॉलिथिनची नवी घ्या. बाहेरून जाड, चिकट पीव्हीसीची पाकिटं टाळा, वर्षानुवर्षांनी रेकॉर्डवर धूसर थर येतो. सगळ्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका.

किंचित लाट असेल तर आधी वाजवून बघा. सुई उडत नसेल तर हात लावू नका. काचांमध्ये दाबून गरम करण्याचे व्हिडिओ दिसतील, पण खाचा बिघडण्याचा धोका मोठा आहे.

फिएस्टावर नको. जुन्या सिरॅमिक पिकअपचं, म्हणजे सुई धरणाऱ्या भागाचं, रेकॉर्डवर पडणारं वजन बरंच जास्त असतं. चुंबकीय कार्ट्रिज असलेला साधा टर्नटेबल घ्या, सुईचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास ठेवा. अमेरिकन सिंगलच्या मधलं भोक अनेकदा मोठं असतं, तसं असेल तर अडॅप्टर लागेल, आणि वेग बहुधा ४५ (मिनिटाला फेरे) असेल.

एक सुचवते. लेबलाच्या भोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडे-अक्षरं असतात, ती टिपून घ्या. रेकॉर्ड कोणत्या खेपेची ते त्यावरून डिस्कॉग्ज या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर लागतं. किमतीसाठी नव्हे, मामांच्या नोंदीत तारीख असेल तर दोन्ही जुळवून बघायला मजा येईल.

धागाकर्ती
खूप खूप आभार. उन्हाचं वेळेवर सांगितलंत, शेजारच्या काकांनीही तेच सुचवलं होतं आणि मी तयार होते.

फोटो काढायला सुरुवात केली. मामा शेजारी बसून एकेक कव्हर वाचतात आणि मी ते फोटोसोबत टाइप करून ठेवते. कोरलेल्या अक्षरांचं सांगितल्यावर त्यांनी भिंग मागवून घेतलं. डेड केनेडीज या बँडच्या १९८० च्या एलपीच्या आत त्यांना स्वतःच्या नोंदीत एका खलाशाचं नाव सापडलं, आता त्याचा पत्ता शोधायचं म्हणताहेत.

ब्रशचं काम कूलरची खोली रिकामी झाल्यावर करते. तोवर एकच: नागपुरात, सीताबर्डी किंवा सदर भागात, ४५ चा अडॅप्टर आणि पॉलिथिनची आतली पाकिटं कुणाला हाताशी मिळाली असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ऑनलाइन मागवता येईल, पण मामांना दुकानात स्वतः बघून घ्यायचं आहे.